पोरांना टेकडीवर न्यायचंय? आमच्या रविवारच्या ग्रुपचं साहित्य आणि कृती

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून वेताळ टेकडी दिसते, पायथा चालत वीस मिनिटांवर. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी खाली खेळणाऱ्या आठ-नऊ पोरांना मी सहज विचारलं, वर कोण कोण गेलंय रे? दोन हात वर झाले, त्यातला एक पाचवीत असताना शाळेच्या ट्रिपला गेलेला. बाकीच्यांनी मनाली बघितलेली, कूर्ग बघितलेलं, एकीने तर सिंगापूरचं काचेतलं गार्डन बघितलेलं, पण खिडकीतून रोज दिसणारी टेकडी नाही. आणि ही काही साधीसुधी टेकडी नाही हां, पुणे शहरातली सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही जातो. बारा ते सतरा वयाची पोरं, कधी सहा येतात कधी चौदा. मला खूप जण विचारतात की हे कसं जमवलं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. तुमच्याकडे टेकडी नसेल तर तळं घ्या, नदीकाठ घ्या, जुनी आमराई घ्या, पद्धत तीच.

आधी अडचण नक्की काय आहे ते बघा

मला वाटायचं पोरांना मोबाईलमुळे बाहेर जायचं नसतं. तसं नाहीये. विचारलं तर कळतं की सोबत कोणी नाही, सकाळी क्लास आहे, आई नको म्हणते, आणि मुलगी असेल तर घरात विषयच निघत नाही. टेकडीच्या पायथ्याला केळेवाडी आहे, तिकडे जनवाडी, गोखलेनगर आहे, तिथल्या पोरांना तर टेकडी म्हणजे घराचं मागचं दार, पण त्यांची वेगळीच गंमत. सोसायटीतली पोरं वर गेली की तो नेचर ट्रेल, वस्तीतली गेली की उनाडक्या. एका सकाळी फिरायला आलेल्या एका काकांनी आमच्याच ग्रुपमधल्या दोघांना "काय रे इकडे काय करताय" म्हणून हटकलं, बाकीच्या दहांना काही बोलले नाहीत. ती दोघं पुढचे तीन रविवार आलीच नाहीत. मग मी घरी जाऊन बोलावून आणलं.

म्हणून पहिलं काम हेच, की कागद घ्या आणि तुमच्या आसपासच्या दहा पोरांची नावं लिहून प्रत्येकापुढे तो का जात नाही ते एका शब्दात लिहा. ज्यांना फक्त सोबत हवीय ते लगेच येतील. ज्यांच्या घरून नकार आहे तिथे चहाला जायचंय.

जागा ठरवणं

घरापासून चालत किंवा एका बसमध्ये पोचता येईल अशीच जागा घ्या. ताम्हिणी छानच आहे पण तिथे वर्षातून एकदा जाल, आणि आपल्याला दर आठवड्याला जायचंय. तीच जागा, परत परत. लोकांना हे पटत नाही, "बोअर होतील ना" म्हणतात. उलट आहे हो. चौथ्या-पाचव्या वेळेला पोरांना कळायला लागतं की मागच्या आठवड्यात ही फांदी उघडी होती आणि आज तिला लाल फूल आलंय, आणि हे सांगणारं पोरगं त्या दिवशी हीरो असतं.

पोरांना नेण्याआधी तुम्ही स्वतः त्याच वारी त्याच वेळेला तीनदा जाऊन या. माणसांची वर्दळ आहे का (असायला हवी, टेकडीवर एकट्यादुकट्याला गाठून लुटल्याच्या बातम्या पेपरात येतात), कुत्र्यांची टोळी कुठे बसते, नेटवर्क कुठे जातं, खाली उतरायला दुसरी वाट कुठली, शेवटचं टॉयलेट कुठे. वेताळला एआरएआयच्या (गाड्यांची चाचणी करणारी संस्था) बाजूने गेलं तर बराचसा चढ रस्त्यानेच होतो, नवख्या पोरांना तीच बाजू बरी, चतुःशृंगीकडून किंवा पाषाणच्या पंचवटीकडून नंतर कधीतरी. वर दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात पाणी साठतं, तिथे काठापासून लांब बसायचं हा नियम पहिल्याच दिवशी, आणि त्यावर चर्चा नाही.

आई-बाबांना पटवणं

इथे मी सुरुवातीला पार आपटले. "निसर्गाच्या सान्निध्यात मुलांचं मानसिक आरोग्य" वगैरे मोठा मेसेज टाकला, चाळीस जणांच्या ग्रुपवर, त्याला सतरा अंगठे आले आणि रविवारी गेटवर पोरं तीन.

मग मी चष्म्यावर आले. तैवानमध्ये २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं मुलांना उघड्यावर काढायचा कार्यक्रम सुरू झाला, कारण तिथे पोरांचे चष्मे भयंकर वाढले होते, आणि वर्षानुवर्षं चढत चाललेलं लांबचं कमी दिसणाऱ्या शाळकरी मुलांचं प्रमाण त्यानंतर खाली यायला लागलं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड आणि सकाळचा बाहेरचा उजेड यात कित्येक पटींचा फरक असतो, आणि वाढत्या वयात डोळ्याला तो लागतो. हे सांगितल्यावर दोन आया लगेच म्हणाल्या, कधी पाठवू? मनाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांची पाहणी झाली होती, २०१९ साली छापून आली, त्यात आठवड्याला किमान दोन तास हिरवाईत घालवणाऱ्या लोकांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त सांगितलं, दोन तास एकदम असोत की तुकड्यातुकड्याने. आता यावरून झाडांमुळेच बरं वाटलं असं सिद्ध होत नाही, जे आधीच बरे आहेत तेच बाहेर जात असतील असंही असू शकतं. पण दोन तास हा आकडा मला आवडला कारण तो रविवारी मावतो. त्यातून डब्ल्यूएचओ म्हणते की ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी, आमच्या नववीतल्यांची ती आठवडाभरात होत नसेल.

पहिल्या वेळेला आई-बाबांनाच सोबत न्या. त्यांनी वाट एकदा बघितली की निम्मी भीती जाते. आणि मेसेज असा टाका, मी अजूनही हाच टाकते:

"रविवार, सकाळी ६:१५ गेटवर. वेताळ मंदिरापर्यंत जाऊन ८:३० ला परत गेटवर. मी आणि अजून एक मोठं माणूस सोबत. फुल पँट, बूट, टोपी, १ लिटर पाणी, एक फळ. परफ्यूम, डिओ नको. ७:३० ला वरून फोटो टाकीन. येणार नसाल तर शनिवारी रात्री ९ पर्यंत सांगा."

यात शेवटच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या, डिओचं पुढे सांगते. साडेसातला फोटो आला नाही तर पंचवीस आया फोन करतात, म्हणून तो विसरायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा आम्ही पाऊण तास उशिरा निघतो.

प्रत्येक मुलामागे आईचा किंवा बाबांचा नंबर, दमा किंवा फिट्स आहेत का, कशाची ॲलर्जी आहे, एवढं एका वहीत लिहून घ्या आणि ती वही पिशवीत ठेवा, फोनवर नको, फोन नेमका तेव्हाच बंद पडतो. बारा पोरांमागे दोन मोठी माणसं, त्यात एक बाई हवीच. दोन मोठ्यांपैकी एकजण नेहमी सगळ्यात मागे. आणि कोणीही मोठं माणूस एका मुलाला एकट्याला घेऊन नजरेआड जाणार नाही, हा नियम मला स्वतःलाही लागू आहे, कोणाला त्यात अपमान वाटत असेल तर त्यांनी येऊ नये, स्पष्टच सांगते.

मुलींचं वेगळं लिहिते

सातवी-आठवीपर्यंत मुली येतात आणि मग एकेक गळायला लागतात. विचारलं की "अभ्यास आहे". एकदा एकीने उतरताना हळूच सांगितलं, काकू वर टॉयलेट नाही ना. एवढंच होतं. मी दीड वर्ष भाषणं देत होते आणि प्रश्न टॉयलेटचा होता!

आता निघायच्या आधी खालच्या क्लबहाऊसचं टॉयलेट उघडून ठेवायला वॉचमन दादांना सांगितलेलं असतं. पिशवीत पॅड, कागदी पिशव्या आणि एक जुनी ओढणी असते, कुठे असते ते सगळ्यांना माहितीय, मुलग्यांनाही, कोणी विचारून घ्यायचं नाही आपलं आपण काढायचं. पाळी आहे म्हणून कोणाला मध्येच परत फिरायचं असेल तर एक मोठी बाई तिच्यासोबत, आणि तेव्हा एकटीलाच सोबत नको म्हणून तिची एक मैत्रीणही उतरते, कारण विचारायचं नाही. आणि मुलींच्या घरी फोन त्यांच्यासमोर करायचा नाही, आधी त्यांना विचारायचं की आईशी बोलू का.

पिशवीत काय

जास्तीचं दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, बँडेड, क्रेप बँडेज, डेटॉल, छोटी कात्री, शिट्टी, टॉर्च, साबणाची वडी, रिकामी पिशवी कचऱ्याला. गोळ्या-औषधं घरच्यांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. चार सेकंडहँड बूटांचे जोड मी जमवून ठेवलेत वेगवेगळ्या मापांचे, कारण काही पोरं चपलांवर येतात आणि बूट नाहीत म्हणून यायचं टाळतात, सांगत मात्र नाहीत. दुर्बीण असेल तर एक पुरे. नसेल तरी चालतं, आमच्याकडे पहिलं वर्षभर नव्हती.

वर गेल्यावर काय करायचं

कमीत कमी करायचं. मी एकदा एका जाणकारांना बोलावलं होतं, माणूस मोठा अभ्यासू, पण त्यांनी पहिल्याच झाडापाशी पंचवीस मिनिटं शास्त्रीय नावं सांगितली आणि पोरांचा चेहरा सोमवारच्या पहिल्या तासासारखा झाला. चूक त्यांची नाही, बोलावलं मी होतं.

आमचं आता असं असतं. चढताना गप्पा, हसणं-खिदळणं, काहीही चालतं. मंदिराच्या अलीकडे पोचलो की प्रत्येकाची एक ठरलेली जागा आहे, कोणाचा दगड, कोणाचं झाड, एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर पण सगळी मला दिसतील अशी. तिथे दहा मिनिटं बसायचं. फोन पिशवीत. बोलायचं नाही, काही लिहायचं नाही, "निरीक्षण करा" असं पण म्हणायचं नाही. पहिल्यांदा तीन मिनिटंच ठेवा, दहा झेपत नाहीत, सगळे खुसखुसतात.

आमच्यात एक नववीतला मुलगा आहे, पाय सतत हलवणारा, दर मिनिटाला "किती राहिलं काकू". सहाव्या की सातव्या रविवारी तो गप्पच. मी लांबून बघितलं तर त्याच्यासमोर सुक्या काटकीवर वेडा राघू येऊन बसलेला, उडायचा, हवेत गिरकी घेऊन माशी की मधमाशी काहीतरी पकडायचा, परत त्याच काटकीवर यायचा, मग ती काटकीवर आपट आपट आपटायचा आणि गिळायचा. हे त्याने चार वेळा केलं. वेळ संपली म्हणून मी हात केला तर पोरगं मलाच हाताने थांब म्हणालं. खाली उतरताना त्याने विचारलं, तो आपटतो कशाला? मधमाशीची नांगी काढायला, एवढंच मी सांगितलं. त्या एका वाक्याइतकंच त्याला हवं होतं.

दहा मिनिटं झाली की गोल करून ज्याला सांगायचंय त्याने सांगायचं, ज्याला नाही त्याने नाही. मग फोन काढायला परवानगी, एकाने एकच फोटो. मी फोनच्या विरोधात नाही, पक्ष्यांच्या आवाजासाठी मर्लिन, झाडा-किड्यांसाठी आयनॅचरलिस्ट, दोन्ही ॲप फुकट आहेत आणि पोरांना ते आपल्यापेक्षा लवकर जमतं. फक्त बसण्याच्या नंतर, आधी नाही.

वर्षभर काय दिसतं ते तुम्हाला थोडं माहिती असलं की काम सोपं होतं. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर मृगाचा किडा, लाल मखमल, मोठमोठी पोरं पण हातावर घ्यायला भांडतात. पावशा "पेर्ते व्हा" ओरडत असतो, चातक येतो. सप्टेंबरात तेरडा, कुर्डू. थंडीत पाहुणे पक्षी. आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे टेकडीची दिवाळी, पळस, पांगारा, काटेसावर, पिवळाधमक गणेर, सगळं पानं झडलेल्या फांद्यांवर. मोर तर बाराही महिने ओरडतो, दिसतो कमी. बरीचशी हिरवाई मात्र उंदीरमारीची आहे, म्हणजे ग्लिरिसिडिया, मध्य अमेरिकेतून आलेलं, लावायला सोपं म्हणून लावत सुटले. हे पोरांना सांगा, त्यांना अशी भानगड आवडते. मग ती इथली मूळची झाडं, सालई कुठे, धावडा कुठे, हे स्वतः शोधायला लागतात.

धोके, नीट वाचा

साप. पावसाळ्यात आणि नंतरच्या गवतात जास्त सांभाळायचं. वाट सोडायची नाही, दगडाखाली हात घालायचा नाही, बसण्याआधी काठीने गवत हलवायचं. चावलाच तर त्याला बसवायचं, चालवायचं नाही, अंगठी-कडं-बूट काढायचे, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल. कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, साप पकडायला जायचं नाही. जवळचं कुठलं हॉस्पिटल सर्पदंशाची केस घेतं आणि प्रतिविष ठेवतं हे आज फोन करून विचारून ठेवा.

आग्या मोहोळ. इथे डिओ आला. एकदा एका पोराने गेटवर येण्याआधी अर्धी बाटली मारलेली, वर गेल्यावर पाच-सहा माशा त्याच्या डोक्याभोवती घोंघावायला लागल्या. त्याला आणि सगळ्यांनाच मुकाट्याने खाली उतरवलं, काही झालं नाही, पण माझे पाय थरथरत होते. वास, धूर, दगड मारणं, तिन्ही बंद. उठल्याच तर चेहरा कापडाने झाकून पळायचं, हात हलवत उभं राहायचं नाही, बंद गाडीत किंवा खोलीत शिरायचं. खूप ठिकाणी चावल्या किंवा श्वास लागला तर थांबायचं नाही, हॉस्पिटल.

वीज. एप्रिल ते जून आणि परत ऑक्टोबरात दुपारनंतर ढग येतात, म्हणून आम्ही सकाळचेच. पुण्यातल्याच आयआयटीएमने, टेकडीच्या पलीकडे पाषाणला आहे ती हवामान-संशोधन संस्था, दामिनी नावाचं ॲप केलंय, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की माथा सोडायचा, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. चावलं किंवा नुसता ओरखडा असला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. उन्हाळ्यात वणवा दिसला तर फोटो काढत बसू नका, वारा आगीला जिकडे ढकलतोय ती बाजू टाळून उतरा आणि अग्निशमन दलाला फोन, १०१.

ज्याला चढता येत नाही त्याचं काय

आमच्यात एक मुलगी आहे, तिला दम्याचा त्रास, थंडीत चढ जमत नाही. ती खालच्या बहाव्याची पहारेकरी आहे. दर रविवारी त्याच झाडाची पानं, कळ्या, फुलं, शेंगा किती ते नोंदवते. सीझनवॉच म्हणून उपक्रम आहे, देशभरातली शाळकरी मुलं अशी एकेका झाडाची नोंद पाठवतात, त्यात ती नोंद जाते. चाकाच्या खुर्चीवरचं मूल असेल तर सपाट वाट असलेली बाग घ्या आणि अधूनमधून अख्खा ग्रुपच तिकडे न्या, त्याला एकट्याला नको.

दहावीच्या वर्षात आई-बाबा पहिल्यांदा टेकडी बंद करतात. माझी विनंती असते की आठवड्यातून एकदा सोडून पंधरा दिवसांतून एकदा करा, पण पूर्ण तोडू नका. निम्मे ऐकतात.

पोरगं बोलायला लागलं तर

चालता चालता, शेजारी शेजारी, समोरासमोर न बघता पोरं खूप काही बोलून जातात. मार्कांचं, घरच्या भांडणांचं, कधी त्याहून जड. तेव्हा सल्ला द्यायचा नाही, "एवढ्याशा गोष्टीचं काय" तर मुळीच नाही. ऐकायचं आणि विचारायचं, अजून कोणाला सांगितलंस का? आपण टेकडीवर नेणारी माणसं आहोत, डॉक्टर नाही. जीव नकोसा झालाय असं कुठल्याही शब्दात आलं तर ते पोटात ठेवायचं नाही, त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं, आणि त्या मुलाला आधी सांगून की मी हे सांगणार आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. घरातच त्रास असेल तर चाइल्डलाइन १०९८. दोन्ही नंबर आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत आणि वही कोणीही उघडू शकतं.

हळूहळू हात काढून घेणं

सहा महिन्यांनी एकेक काम पोरांकडे द्या. मोजणं, पिशवी उचलणं, साडेसातचा फोटो, नवीन आलेल्याला जागा दाखवणं. ज्या दोघांना त्या काकांनी हटकलं होतं ना, ती दोघं आता पुढे चालतात, कारण वाटा त्यांच्याइतक्या कोणालाच माहिती नाहीत, खाणीच्या मागून एक शॉर्टकट आहे तो त्यांनीच दाखवला. मोठं माणूस मात्र सोबत हवंच, वय अठरा होईपर्यंत त्यात सूट नाही.

मागच्या रविवारी माझा गुडघा दुखत होता म्हणून मी सगळ्यात मागची, आणि पुढे तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका. वर पोचले तर सगळी आपापल्या जागी गप्प बसलेली, माझ्या दगडावर एक सहावीतली नवीन मुलगी. ती उठायला लागली तर शेजारच्या दगडावरून तोच पाय हलवणारा मुलगा कुजबुजला, "बस गं, काकूंना दुसरा शोधू दे."